शेरा

गाडीच्या वहीत पाच रकाने आहेत:
तारीख, कुठून, कुठे, किती किलोमीटर
आणि शेवटी 'शेरा'.
तो मी नऊ वर्षं कोरा ठेवत आलोय.

मोंगू सोडलं की डांबर संपतं, तिथे उतरून
चारी टायरमधली हवा कमी करायची.
ताठ चाक वाळूत रुतून बसतं.
हे मी प्रत्येक तज्ज्ञाला सांगतो,
प्रत्येक जण ते लिहून घेतो.

पहिला आला तो बाकं मोजून गेला.
एकशे बारा.
पोरं तेव्हा बाहेर आंब्याखाली बसलेली,
बाकं नवी होती, मळू नयेत म्हणून.
दुसरीनं संडास मोजले, एकेक दार उघडून.
तिसरा आला ऐन पुरात.
शाळाच जागेवर नव्हती.
पाणी चढलं की आम्ही फळा, घंटा, हजेरीपट
होडीत घालून उंचवट्यावर नेतो, गुरांच्या मागोमाग.
त्यानं गाडीच्या टपावर चढून दुर्बीण लावली
आणि लिहिलं: शाळा आढळली नाही.
पुढे दोन वर्षं खडू आले नाहीत.
रागानं सांगत नाही मी हे.
त्याला होडीवाला हवा होता,
मी पडलो ड्रायव्हर.

ह्या खेपेला व्हेस्टरगार्ड बाई.
पांढरे केस, एक गुडघा दुखरा,
गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ, बोटानं थांबणारं.
दुभाष्या मोंगूत तापानं पडलेला, म्हणून
बाईंची जीभ त्या दिवशी मीच.

एक पोर, एक उतारा, एक मिनिट.
मिनिटात शब्द किती, त्यावरून म्हणे कळतं
लांबच्या देशातल्या माणसांचे पैसे
इथवर पोचले, की वाटेत वाळूत जिरले.

नालिशेबो, इयत्ता तिसरी.
सितुम्बेको मास्तरांच्या मते 'बरी'.
उताऱ्यात एका मुलाची शेळी हरवते.
अकरा शब्द झाले, बाराव्यापाशी अडली.
टक्.
बाईंनी बोट वर केलं, मी म्हटलं, पुरे, बाळ.

तिनं ऐकलं नाही.
गढूळ पाण्यात पाऊल चाचपत टाकावं
तसं अक्षराखालचं बोट पुढे सरकवत राहिली.
बारावा शब्द दोनदा हातातून निसटला.
तेरावा लगेच सापडला.
कागदावर माशी बसली, उठली, पुन्हा बसली.
दाराशी पुढचा मुलगा खोळंबलेला,
मास्तर खिडकीबाहेर बघत घाम पुसतायत,
बाई हलल्या नाहीत. गुडघा दुखत असणार.
पाच मिनिटं गेली असतील, नऊ गेली असतील,
घड्याळ तर बंदच होतं.

शेळी सापडली तेव्हा ती हसली.
मग बाईंना विचारलं (मला नाही, थेट बाईंना):
ज्याच्या शेतात सापडली
त्याचं किती खाल्लं होतं तिनं?

मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.
बाईंनी उतारा हातात घेतला, खालीवर पाहिला.
त्यात ते नव्हतं.
मग तक्त्यात लिहिलं: अकरा.
दुसरं काय लिहिणार?
रकान्यात दोन आकड्यांपुरतीच जागा होती.

परतताना सूर्य गवताला टेकला होता.
बाईंनी विचारलं, तुम्ही काय लिहिलं असतं?
नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.
म्हटलं, पुरात या. होडीनं.
शाळा चालताना दिसेल. खरोखर चालताना.
त्या म्हणाल्या, पैसे ऑगस्टपुरतेच मंजूर होतात.
ऑगस्टात मैदान कोरडं ठाक असतं.
मग दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.
डांबर लागलं तशी मी उतरून
चाकांत हवा भरू लागलो.
बाईही उतरल्या, पंपाची नळी धरून उभ्या राहिल्या.

रात्री वही काढली.
मोंगू ते नामुटोमे आणि परत, एकशे अठ्ठेचाळीस.
शेरा: शेळी सापडली.

उद्या डेपोतला कारकून चष्मा कपाळावर चढवून विचारेल:
कसली शेळी?
गाडीखाली आली का?
भरपाई कुणी द्यायची?